निटुरे सर आणि न काढायची उत्तरं

निटुरे सरांनी उभ्या आयुष्यात एकही गणित अर्धवट सोडलं नव्हतं. याचा त्रास त्यांना कमी आणि आम्हाला जास्त व्हायचा. एकदा हेडमास्तरांनी सहज विचारलं, "सर, औंढ्याच्या सहलीला एक गाडी पुरेल का दोन सांगू?" सरांनी वही काढली. मुलं किती, एका बाकड्यावर किती मावतात, दोन बारकी पोरं मिळून एक धरायचं का, भाकरीच्या डब्यांना जागा किती, असं सगळं मांडून मधली सुट्टी संपता संपता त्यांनी सांगितलं, "एक गाडी अन् वर साडेतीन पोरं." हेडमास्तरांनी तोवर दोन गाड्या सांगून टाकल्या होत्या.

लातूरच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायचे आणि सर गणित. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, त्यामुळं मी जे सांगतेय त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. उरलेलं त्यांच्या मुलीनं, रुद्राणीनं सांगितलं, आणि ती बापासारखी लांबवून सांगत नाही.

संगप्पा निटुरे मूळचे उदगीरकडचे. उंच, काटकुळे, कपाळावर भस्माचे पट्टे, शर्टाच्या खिशात एक निळं आणि एक लाल पेन. घरात बायको बसम्मा आणि एकुलती एक रुद्राणी. बसम्मा चिडली की कानडीत बोलायची, आणि सरांच्या घरात कानडी बऱ्यापैकी ऐकू यायची.

ही गोष्ट सत्याऐंशी सालची. लातूर जिल्हा होऊन पाच वर्षं होत आली होती. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, काही पाट्यांवरच्या नव्या रंगाखाली जुनी अक्षरं दिसायची. आम्ही पत्राच्या कोपऱ्यात 'जिल्हा लातूर' एवढं ठळक लिहायचो, की पाहुण्यांना वाटावं आम्हीच तो करून आणला. जिल्हा नवा, पण पाऊस मात्र दोन वर्षं धड पडला नव्हता. नळाला सहाव्या दिवशी पाणी यायचं, ते पण आलं तर.

रुद्राणी बी.एस्सी. झाली होती. तिला हैदराबादच्या एका संस्थेत व्यवस्थापनाचं शिक्षण घ्यायचं होतं. तिथं प्रवेशासाठी परीक्षा होती, आणि आमच्या भागासाठी केंद्र नांदेडला होतं. तिनं सरावाचं पुस्तक पोस्टानं मागवलं. पुस्तकवाल्यानं पत्ता लिहिताना जिल्हा उस्मानाबाद घातला. आमचा जिल्हा झाल्याची बातमी त्याच्यापर्यंत अजून पोचली नव्हती. पार्सल उस्मानाबादला गेलं, तिथं काही दिवस राहिलं आणि तेविसाव्या दिवशी लातूरला आलं. रुद्राणी तेव्हा पाणी भरायला गेली होती. सरांनी दोरी कापली आणि पुस्तक उघडलं.

दुसऱ्या दिवशी ते पुस्तक स्टाफरूममध्ये आलं.

"बाई, हे बघा," सर म्हणाले. त्यांचा आवाज घरात काहीतरी वाईट झाल्यासारखा होता. "तिसरा भाग. हे म्हणतात, प्रश्न वाचा. खाली दोन विधानं दिलीत, ती वाचा. अन् उत्तर काढू नका."

"मग काय करायचं?"

"उत्तर निघू शकतं का, एवढंच सांगायचं. पहिल्या विधानावरून निघतं का, दुसऱ्यावरून निघतं का, दोन्ही मिळून निघतं का, का कशानंच न्हाई. झालं. पुढं चला."

"मग सोपंच झालं की."

सरांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "बाई, तुम्ही पोरांना निबंधाचं नाव सांगता, अन् पोरं उठून म्हणतात, 'हा निबंध आम्हाला लिहिता येतो.' तुम्ही मार्क देता का?"

 मी म्हटलं, एखादा प्रश्न तरी दाखवा. पुस्तक इंग्रजीत होतं, सरांनी मला मराठीत सांगितला. एक संख्या आहे, ती सम आहे का? पहिलं विधान, तिला चारनं भाग जातो. दुसरं विधान, तिला तीननं भाग जातो.

मी थोडा विचार केला. चारनं भाग जातो म्हणजे सम असणारच. तीनचं काही सांगता येत नाही. "पहिलं एकटं पुरेसं आहे," मी म्हटलं.

"हाव. पण संख्या किती?"

"ते कुठं विचारलंय?"

"तेच तर म्हणून राहिलो मी," सर म्हणाले, आणि तास सुरू झाल्याची घंटा झाली तरी दोन मिनिटं ते त्या पानाकडं बघत बसले होते.

यानंतरचे दोन महिने निटुरेंच्या घरात परीक्षेची तयारी चालली होती की भांडण, हे शेजाऱ्यांना कळायचं नाही. रुद्राणी घड्याळ लावून एका बैठकीत पंचवीस प्रश्न सोडवायची. सर बरोबर बसायचे, पण त्यांचे पहिले चार होईपर्यंत तिचे पंचवीस झालेले असायचे. मग ते म्हणायचे, तू उत्तरं कुठं काढलीस, तू नुसत्या खुणा केल्यास.

एक प्रश्न नळांचा होता. दोन नळ मिळून टाकी किती वेळात भरतील? पहिलं विधान, पहिला नळ एकटा सहा तासांत टाकी भरतो. दुसरं विधान, दुसऱ्या नळाचा वेग पहिल्याच्या दुप्पट आहे. रुद्राणीनं वाचलं, 'दोन्ही मिळून पुरेसं' अशी खूण केली आणि पुढं गेली. सरांनी अपूर्णांक मांडले, बेरीज केली, उलटी केली आणि खाली रेघ मारून लिहिलं, दोन तास.

"अप्पा, टाकी भरू नका," रुद्राणी म्हणाली. "भरता येईल का, एवढं सांगा."

स्वयंपाकघरातून बसम्मा म्हणाली, "ते दोन नळ कुठल्या गावात आहेत, ते विचार त्यांना. घागरी घेऊन जाते मी."

सरांनी दुसऱ्या दिवशी हा किस्सा स्वतःच सांगितला. सांगताना हसले, पण मग गंभीर होऊन म्हणाले, "दोन तास हे उत्तर बरोबर हाय, बाई. त्याचं कुणालाच काही वाटंना."

त्यांची एक चूक पुन्हा पुन्हा व्हायची. 'संख्या सम आहे का' असं विचारलं आणि विधानावरून कळलं की ती विषम आहे, तर सर त्या विधानाला अपुरं म्हणायचे. विचारलं सम, निघाली विषम, मग विधानाचा उपयोग काय झाला? रुद्राणीनं त्यांना हे तीन संध्याकाळी समजावलं. "अप्पा, नाही हे पण उत्तरच हाय. पक्कं 'नाही' आलं की काम झालं. 'कधी हो, कधी नाही' असं आलं तरच अपुरं." सरांना हे पटलं, पण आवडलं नाही. गणितात पटणं आणि आवडणं वेगळं असू शकतं, हे त्यांना पन्नासाव्या वर्षी पहिल्यांदाच कळत होतं.

आणि मग त्यांनी स्वतः परीक्षेचा फॉर्म भरला. माहितीपत्रकात पदवीची अट होती, वयाची नव्हती. सरांनी ते पत्रक मागून पुढून तीनदा वाचलं आणि पोस्टात टाकूनच घरी सांगितलं.

"तुम्ही हैदराबादला कॉलेजात जाणार?" बसम्मानं विचारलं.

"जाणार कुठं? परीक्षा देणार."

"पास झाला तर?"

"तर न्हाई म्हणून कळवीन."

बसम्मा पुढचं सगळं कानडीत बोलली.

एप्रिलमध्ये दहावीचे पेपर तपासून झाले आणि शिक्षकांना टंचाईच्या पाहणीचं काम लागलं. गावोगावचे टँकरच्या मागणीचे अर्ज आले होते. प्रत्येक गावाला एक शिक्षक जाऊन विहिरी बघून येणार, छापील फॉर्म भरून तहसील कचेरीत देणार, आणि दर शनिवारी त्या फॉर्मांवरून टँकरची यादी निघणार. सरांच्या वाट्याला शिरूर अनंतपाळच्या पलीकडची नागझरवाडी आली. साडेआठशे वस्तीचं गाव, पिण्याची विहीर एकच.

सर बुधवारी गेले. बरोबर टेप, सुतळी, सुतळीला बांधायला वजन आणि वही. फॉर्मवर विहिरीचा व्यास लिहायला रकाना होता, पण ही विहीर एका बाजूनं ढासळलेली होती, त्यामुळं ती ना गोल होती ना चौकोनी. दुसरा कुणी असता तर त्यानं अंदाजे आकडा टाकला असता. सरांनी सुतळ्या आडव्या-उभ्या ताणून विहिरीचे पट्टे पाडायला सुरुवात केली.

विहिरीवर बायका बसलेल्या होत्या. सकाळचे अकरा वाजले होते. खाली तळाशी दोघीजणी वाटीनं पाणी गोळा करून कळशीत घालत होत्या. काठावर रिकाम्या घागरींची रांग होती. त्यातली चतुराबाई नावाची म्हातारी बराच वेळ सरांच्या सुतळ्या बघत होती.

"मास्तर, काय करून राहिलात?" तिनं विचारलं.

"विहिरीत पाणी किती येतं, ते काढतोय."

"त्ये कशाला?"

"टँकर लागतो का, ते ठरवायला."

चतुराबाईनं रांगेकडं हात केला. "दिस उगवायच्या आत येतो आम्ही. धाच्या सुमाराला इहीर रिकामी व्हती. अन् निम्म्या घागरी कोरड्या ऱ्हातात. रोजच. आजून काय पायजे तुमाला?"

"आकडा पाहिजे, आजी," सर म्हणाले. त्यांनी हे उद्धटपणे म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच आकडा पाहिजे होता.

त्या दिवशी आकडा निघाला नाही. चोवीस तासांत विहिरीत किती भर पडते ते बघायचं राहिलं, जनावरांची मोजणी ज्या वहीत होती ती वही ग्रामसेवकाबरोबर परगावी गेली होती. सर गुरुवारी पुन्हा गेले. शुक्रवारी वही मिळाली, पण तीत शेळ्या धरलेल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी घरोघर जाऊन शेळ्या मोजल्या. शनिवार आणि रविवार त्यांनी घरी बसून बारा पानांचा अहवाल लिहिला. विहिरीची आकृती काढली, पट्ट्यांची क्षेत्रफळं लाल पेनानं मांडली. मी तो अहवाल पाहिला आहे. नववीच्या मुलांना दाखवावा इतका सुंदर होता.

सोमवारी सकाळी ते तो घेऊन तहसील कचेरीत गेले. टंचाईचं काम बघणारे अव्वल कारकून साहेबराव म्हणून होते. त्यांच्या टेबलावर फॉर्मांचा ढीग होता, आणि ते शांत माणूस होते. त्यांनी अहवाल चाळला, पुन्हा पहिल्या पानावर आले.

"सर, टँकर पाहिजे का नको, हे कुठं लिहिलंय?"

"अकराव्या पानावर. खालून तिसरी ओळ."

साहेबरावांनी अकरावं पान काढलं. "पाहिजे," ते वाचून म्हणाले. "रोज नऊ हजार एकशे चाळीस लिटरची तूट."

"हाव. शेळ्या धरून."

"सर, यादी परवा शनिवारी निघाली. शनिवारपर्यंत फॉर्म आला नाही म्हणून नागझरवाडी तीत नाही. आता पुढच्या शनिवारी."

 साहेबराव चांगले गृहस्थ होते, त्यांनी वर आणखी सांगितलं की बाकीच्या मास्तरांनी एका पानाचे फॉर्म दिले, नुसतं 'टँकर आवश्यक' एवढं लिहून, आणि त्या सगळ्या गावांना रविवारपासून पाणी चालू झालं. त्यांनी हे सरांना टोमणा म्हणून सांगितलं नव्हतं, माहिती म्हणून सांगितलं. पण सर बाहेर आले आणि कचेरीच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसून राहिले.

हे त्यांनी मला जूनमध्ये सांगितलं, तेव्हाही सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते. म्हणाले, "बाई, बुधवारी अकरा वाजता मला सगळं कळालं होतं. विहीर रिकामी, घागरी रिकाम्या. तूट नऊ हजाराची असो का नऊशेची, टँकर लागणारच होता. त्या आजीनं पुरेशी माहिती दिली होती. मीच उत्तर काढत बसलो."

त्या सोमवारी ते घरी आले नाहीत. एस.टी. धरून सरळ नागझरवाडीला गेले. विहिरीवर कुणी नव्हतं. बायका दीड कोसावर नदीच्या पात्रात झरे उकरायला गेल्या होत्या. सर चावडीपाशी थांबले. दुपारी बायका परत आल्या, डोक्यावर दोन दोन घागरी, त्यात चतुराबाई पण. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की टँकर आठ दिवस उशिरा येईल, आणि उशीर कचेरीचा नाही, माझा आहे.

 चतुराबाईनं घागर खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "मंग निगाला का आकडा?"

"निघाला."

"किती?"

सरांनी सांगितला. चतुराबाईनं तो ऐकून घेतला. "बरं झालं," ती म्हणाली. "निगाला तर खरं." आणि सरांना प्यायला पाणी दिलं. सर म्हणतात, ते पाणी प्यायचं जिवावर आलं, आणि परत करायची तर सोयच नव्हती.

मंगळवारी सर पुन्हा साहेबरावांपुढं. या वेळी एकच कागद, त्यावर एकच ओळ. 'नागझरवाडीची विहीर रोज दहा वाजता आटते व निम्मं गाव पाण्याविना राहतं, टँकर आवश्यक.' खाली सही. साहेबराव म्हणाले की यादी शनिवारीच निघते. सर म्हणाले, मी बसतो. ते मंगळवारी बसले, बुधवारी बसले. कुणाशी भांडले नाहीत, मोठ्यानं बोलले नाहीत. येणारा जाणारा विचारायचा, तुमचं काय काम, तर आपली चूक पहिल्यापासून सांगायचे, आणि अर्थातच ती पूर्ण सांगायचे, शेळ्यांसकट. बुधवारी दुपारपर्यंत साहेबरावांना ती चार वेळा ऐकावी लागली. पाचव्या वेळी ते उठले, कागद घेऊन आत तहसीलदारांकडं गेले आणि पुरवणी मंजुरी घेऊन बाहेर आले. गुरुवारी टँकर गावात गेला. चार दिवस उशीर झालाच.

मे महिन्यात परीक्षा. बापलेक आदल्या दिवशी एस.टी.नं निघाले, अहमदपूर, लोहा करत संध्याकाळी नांदेडला पोचले, आणि बसम्माच्या चुलतभावाकडं उतरले. सकाळी केंद्रावर गेल्यावर दारातल्या शिपायानं सरांना अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं." सरांनी खिशातून स्वतःचं प्रवेशपत्र काढून दाखवलं. शिपायानं फोटो पाहिला, सरांना पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि वाट सोडली. ते वर्गात शिरले तेव्हा चाळीस मुलं-मुली उभी राहिली. पर्यवेक्षकच आले असं त्यांना वाटलं. सवयीनं सर म्हणाले, "बसा." मग स्वतः तिसऱ्या बाकावर जाऊन बसले. रुद्राणी म्हणते, मी त्या वेळी खिडकीतून बाहेर बघायला लागले.

पेपर तीन भागांचा, वेळ दोन तास, कुठलाही भाग आधी घ्या. सरांनी दोन विधानांचा भाग आधी घेतला. या वेळी त्यांनी एकही उत्तर काढलं नाही. प्रश्न वाचायचा, विधानं एकेक करून लावून बघायची, पुरतं का, खूण करायची, पुढं. पंचवीस प्रश्न पंधरा मिनिटांत झाले. एवढ्या वेगानं आपण काही केलं आहे याचा त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी कच्च्या कामाचा कागद पुढं ओढला आणि म्हटलं, आता जरा उत्तरं बघू काय येतात. पंचवीसच्या पंचवीस सोडवली. दोन ठिकाणी तर दुसरी रीत पण काढली. उरलेल्या वेळात गणिताचा भाग कसाबसा झाला, आणि घंटा झाली तेव्हा इंग्रजीचा भाग तसाच्या तसा कोरा होता.

बाहेर आल्यावर रुद्राणीनं विचारलं, "अप्पा, कसा गेला?"

"लई सुंदर पेपर होता," सर म्हणाले.

निकाल जूनमध्ये पोस्टानं आला, या वेळी सरळ लातूरला. रुद्राणीची निवड झाली होती. सरांची नव्हती, पण भागवार गुण दिले होते, आणि दोन विधानांच्या भागात सरांचे पंचविसात पंचवीस होते. रुद्राणीचे तेवीस. सरांनी ते पत्र स्टाफरूममध्ये आणलं आणि मुलीच्या निवडीचे पेढे वाटता वाटता प्रत्येकाला दाखवलं. इंग्रजीच्या गुणांवर त्यांनी अंगठा ठेवला होता.

घरात मात्र एक पेच उभा राहिला. त्याच आठवड्यात बसम्माच्या भावानं देगलूरचं स्थळ आणलं. मुलगा सरकारी नोकरीत, घरी सहा एकर बागायत. बसम्माला हे दोन्ही फार आवडलं. रुद्राणी म्हणाली, "आई, दोन्ही विधानं मिळून अपुरी आहेत." बसम्मानं नवऱ्याकडं पाहिलं. मुलीला हे असलं बोलायला कुणी शिकवलं ते तिला ठाऊक होतं.

ही मंडळी बघायला आली, त्या दिवशी मीही तिथं होते. मला वाटलं, आता सर वही काढतील. मुलाचं शिक्षण, बदलीचं गाव, बहिणी किती, विहिरीला पाणी किती, संध्याकाळ होईल. बसम्मालाही तीच भीती असावी, तिनं चहा दोनदा केला. सरांनी सगळ्यांचं बोलणं ऐकून घेतलं आणि मुलाच्या वडिलांना एकच विचारलं.

"पोरगी दोन वर्षं हैदराबादला शिकायला जाणार हाय. त्यानंतर लग्न केलं तर चालंल का?"

मुलाचे वडील बापूसाहेब म्हणून सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, "न्हाई, सर. आमच्याकडं सुनेनं बाहेर ऱ्हायचं जमायचं न्हाई. खरं ते सांगितलेलं बरं."

"बरं झालं सांगितलंत," सर म्हणाले. "मग मला अजून काही विचारायचं न्हाई." त्यांनी बापूसाहेबांना आग्रहानं आणखी एक शेंगदाण्याचा लाडू वाढला, दुष्काळावर, नव्या जिल्ह्यावर मनापासून गप्पा मारल्या आणि एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला गेले. बसम्मा आठ दिवस बोलली नाही, मराठीतही नाही आणि कानडीतही नाही. नवव्या दिवशी तिनं रुद्राणीच्या ट्रंकेत चटणीचे डबे भरायला घेतले.

रुद्राणी जुलैत गेली. त्या वर्षी पाऊस उशिरा का होईना, पण कामापुरता आला. सरांना संध्याकाळी करमेना. गल्लीतल्या दोघीतिघी बँकेच्या परीक्षेला बसणार होत्या, आणि त्या परीक्षेतही असलेच प्रश्न होते. त्या एका रविवारी पुस्तक घेऊन आल्या. पुढच्या रविवारी सात जणं आली. दिवाळीपर्यंत बैठकीत जागा पुरेना, ओसरीवर सतरंजी टाकावी लागली. नायगावचा एक जण नांदेडमार्गे आदल्या रात्रीच्या गाडीनं यायचा, बिलोलीची शिवकांता नावाची मुलगी तर मावशीकडं राहायलाच आली. लातुरात पुढं मोठमोठे क्लास निघाले, त्यांच्या पाट्या रस्त्यावरून वाचता येतात. सरांच्या क्लासला पाटी कधी लागली नाही. पत्ता विचारला की लोक म्हणायचे, 'पुरतं-का' सरांचं घर, ते काय तिकडं.

शिकवायची त्यांची रीत वेगळी होती. पहिल्या दिवशी ते मुलांची पेनं गोळा करायचे. म्हणायचे, आज लिहायचं नाही, नुसतं वाचायचं आणि बोटानं दाखवायचं. एक बोट म्हणजे पहिलं विधान पुरतं, दोन बोटं म्हणजे दुसरं पुरतं, मूठ म्हणजे दोन्ही मिळून पुरतं, उघडा पंजा म्हणजे कोणतंही एकटं पुरतं, आणि काहीच पुरत नसेल तर हात खाली. कुणी ओठ हलवून गुणाकार करताना दिसला की त्याच्यापुढं जाऊन उभे राहायचे. आणि पहिल्याच तासाला नागझरवाडीची हकिगत सांगायचे. स्वतःचं नाव न लपवता. मुलं आधी शेळ्यांवर हसायची, मग टँकरच्या चार दिवसांच्या उशिरापाशी त्यांचं हसू थांबायचं. चतुराबाईचं नाव त्या क्लासमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

पुढं त्यांनी मराठीत दोनशे प्रश्नांची पुस्तिका काढायची ठरवली. आपल्या पोरांना इंग्रजीत अडतं, हे त्यांचं म्हणणं, आणि ते त्यांना स्वतःच्या निकालावरून पटलं होतं. भाषा तपासायचं काम माझ्याकडं आलं. आमचं पहिलं भांडण नावावरून झालं. ते म्हणाले, 'दत्त माहितीची पर्याप्तता', दत्त म्हणजे दिलेली. मी म्हटलं, सर, हे नाव वाचून पोरगं परीक्षा सोडून देवळात जाईल. शेवटी 'एवढ्यावरून सांगता येईल का?' असं नाव ठरलं. त्याच सुमारास रुद्राणी सुट्टीला हैदराबादहून आली होती. तिनं छापखान्यातून तपासायला आलेली मुद्रितं वाचायला घेतली आणि सदतिसाव्या प्रश्नावर थांबली.

"अप्पा, हा अपुरा हाय. तुम्ही 'दोन्ही मिळून पुरेसं' दिलंय. संख्या ऋण असली तर?"

"ऋण कशी असंल? आंब्यांचा प्रश्न हाय."

"आंबे हे प्रश्नात कुठं लिहिलंय? तुमच्या मनात आहेत आंबे."

सरांनी कागद ओढून घेतला. खरंच, छापणाऱ्याकडून एक ओळ गळाली होती, आणि तीच आंब्यांची होती. सर म्हणाले, हा दोष छापखान्याचा. रुद्राणी म्हणाली, परीक्षेला बसणाऱ्याला छापखाना दिसत नाही, कागद दिसतो. दोघं हळूहळू मोठ्यानं बोलायला लागले. बसम्मानं आतून विचारलं, आंबे आणलेत का कुणी. मी हातातल्या लाल पेनानं गळालेली ओळ समासात लिहिली, बाणानं जागा दाखवली आणि अडतिसाव्या प्रश्नाकडं वळले.